फोडावरचं कातडं

दिवाळीचा फराळ संपत आला की महाराष्ट्रातल्या पळणाऱ्यांना जानेवारी दिसायला लागतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात रविवार पहाटेची अंतरं वाढत जातात, दहाचे पंधरा आणि पंधराचे पंचवीस किलोमीटर होतात. दिवाळीच्या सवलतीत घेतलेले नवे बूटही याच सुमारास पायात येतात. वाढलेलं अंतर आणि न रुळलेले बूट एकत्र आले की टाचेवर, अंगठ्याच्या कडेला, तळव्याच्या खोलगट भागात फोड टरारून येतो. गुडघा दुखला तर चार लोक विचारपूस करतात, चार तेलं सुचवतात. फोडाला मात्र दुखापत म्हणायलाच कुणी तयार नसतं. ‘बूट चावला असेल’, एवढ्यावर विषय मिटतो. मग माणूस तो पाय चुकवत, वाकडा टाकत पळतो आणि पुढच्या आठवड्यात खरोखरच गुडघा धरून बसतो.

फोडाबद्दल सर्वसाधारण समजूत अशी की मोजा कातडीवर घासतो, त्या घासण्यानं ती पोळते आणि फुगते. घडतं ते थोडं वेगळं. पाऊल जमिनीवर टेकलं की घामानं ओलसर झालेली कातडी मोज्याला आणि मोजा बुटाला धरून बसतो. आतलं हाड मात्र पुढे सरकतं. म्हणजे कातडीचा वरचा थर जागच्या जागी अडकलेला आणि खालचा हाडाबरोबर निघालेला. एका पावलात ही ओढाताण काहीच नसते, पण हजारो पावलांनंतर बाह्यत्वचेच्या मधल्या थरातल्या पेशी एकमेकींना सोडतात. घडीच्या पोळीचे पदर सुटावेत तसे कातडीचे पदर सुटतात आणि त्या फटीत साधारण दोन तासांत पाणी भरतं. फोड तळवा, टाच आणि तळहातावर जास्त येतात याचं कारणही हेच. तिथला वरचा थर जाड आणि चिवट असतो, तो फाटत नाही, त्यामुळे खालचे थर सुटतात. मांडीची कातडी पातळ असते. ती घासली तर फोड न येता सरळ सोलवटते.

फोडातलं पाणी म्हणजे घाण नव्हे. ते रक्तातल्या द्रवासारखंच असतं, फक्त त्यात प्रथिनं कमी असतात, आणि वरचं कातडं शाबूत असेपर्यंत ते सहसा निर्जंतुक असतं. त्याच्या आडोशाला दुरुस्तीही लगेच सुरू होते. २४ तासांत तळाच्या पेशी झपाट्यानं दुभंगायला लागतात, ४८ तासांत नवा कणीदार थर दिसतो आणि १२० तासांत, म्हणजे पाच दिवसांत, नवा कठीण थर तयार होतो. हे सगळं वरचं कातडं जागेवर असेल तर. ते सोलून काढलं की खालचा लालभडक, चुरचुरणारा भाग उघडा पडतो आणि जंतूंना वाट मोकळी होते. त्या कातड्याइतकी चांगली पट्टी अजून कुठल्या कंपनीनं काढलेली नाही, असं माझं मत आहे. ती फुकट आहे, मापाची आहे आणि आधीच चिकटवलेली आहे.

मग फोड फोडायचा की नाही? यावर घरोघरी दोन पक्ष असतात आणि दोघांचंही थोडं खरं असतं. मुगाच्या दाण्याएवढा, न दुखणारा फोड तसाच ठेवावा. त्याच्याभोवती जाड फेल्टची किंवा फोमची कडी कापून लावली, मधल्या भोकात फोड बसवला, की दाब कडीवर येतो आणि आतलं पाणी हळूहळू जिरतं. मोठा, ताणलेला, पाऊल टेकताना ठणकणारा फोड तसा ठेवण्यात फारसा अर्थ नाही. तो बुटातच कधीतरी फुटणार, तोही वेडावाकडा. या बाबतीत अमेरिकेत १९६८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अजूनही आधाराला घेतला जातो. त्यात मुद्दाम फोड आणले गेले आणि त्यांतलं पाणी वेगवेगळ्या वेळी काढून पाहिलं गेलं. पहिल्या २४ तासांत तीन वेळा पाणी काढलेल्या फोडांचं कातडं तळाशी सर्वांत चांगलं चिकटून बसलं. एकदा टोचून मोकळं झालं असं नसतं, पाणी पुन्हा भरतं. पहिल्या दिवशी दोन-तीनदा त्याच्याकडे बघावं लागतं ते त्यामुळेच.

टोचण्याची रीत साधी आहे, फक्त क्रम चुकवू नये. आधी हात साबणानं स्वच्छ धुवायचे, मग पाय. फोडावर आणि आजूबाजूला स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडीन लावायचं. सुई औषधाच्या दुकानातली, पाकीटबंद असेल तर उत्तम. घरातली असेल तर स्पिरिटनं नीट पुसून घ्यायची. काडीपेटीच्या ज्योतीत धरल्यानं तिच्यावर काजळी बसते आणि ती काजळी आपण फोडात नेतो. सुई फोडाच्या मधोमध खुपसायची नाही. कडेला, जिथून पाणी उताराला लागेल अशा बाजूला दोन-तीन बारीक छिद्रं पाडायची आणि स्वच्छ कापडानं हलकेच दाबून पाणी बाहेर काढायचं. कातडं तिथंच राहू द्यायचं. त्यावर व्हॅसलिन किंवा जंतुनाशक मलम, वर न चिकटणारी जाळीची पट्टी. ती रोज बदलायची, भिजली तर लगेच.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांत एक जुनी युक्ती चालते. सुईत दोरा ओवून ती फोडातून आरपार काढायची आणि दोरा तसाच आत सोडायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. पाणी झिरपतं हे खरं. पण त्याच दोऱ्यावरून मोज्यातला घाम आणि वाटेवरची माती आत शिरते. किल्ल्यावरच्या मुक्कामात एखाद्याला दोरा लागू पडला असेल, म्हणून तो चांगला ठरत नाही. टूथपेस्टचंही तसंच, ती लावल्यावर जो थंडावा जाणवतो तो पुदिन्याचा असतो. हळदीबद्दल आपल्याकडे वाद घालणं अवघड आहे. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि फुटलेल्या फोडात ती भरली की जखम लाल झाली आहे की पिवळी, हेही कळेनासं होतं.

कातडं आधीच फाटून लोंबत असेल तर जखम स्वच्छ पाण्यानं धुवायची, मळलेला सुटा भाग स्वच्छ कात्रीनं कापायचा आणि नीट असलेला भाग परत पसरून बसवायचा. इथे हायड्रोकोलॉइड नावाची पट्टी कामाला येते. ती जखमेतला ओलावा शोषून जेलीसारखी होते आणि आतला भाग ओलसर ठेवते. जखम कोरडी पडून खपली धरली म्हणजे बरी झाली, ही जुनी समजूत आता मागे पडली आहे, ओलसर जखम लवकर भरते. ही पट्टी रोज उचकटून बघायची नसते, कडा आपोआप सुटेपर्यंत ती ठेवायची. जखम चिघळली असेल तर मात्र ती लावू नये.

चिघळणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला १९२४ सालची एक गोष्ट पुरते. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा धाकटा मुलगा, त्याचंही नाव कॅल्विन, वय १६. ३० जूनला तो व्हाइट हाउसच्या मैदानावर भावाबरोबर टेनिस खेळला, पायात बूट पण मोजे नाहीत. पायाच्या बोटावर फोड आला. फोडातून जंतू रक्तात गेले आणि ७ जुलैला मुलगा गेला. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर उशाशी होते, पण त्यांच्या हातात औषध नव्हतं. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती आणि ते रोग्यापर्यंत पोहोचायला आणखी दीड दशक. तेच जंतू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आजही आपल्या नाकात आणि कातडीवर सुखानं नांदतात. आज औषध आहे, म्हणून माणूस वाचतो, पण वेळेत गेला तर. फोडाभोवतीची लाली रोज पसरत जाते, पाणी गढूळ होऊन पू दिसतो, ठणका कमी होण्याऐवजी वाढतो, लाल रेघ पायावर वर चढते, ताप येतो, यांतलं काहीही दिसलं तर मलमात वेळ घालवू नये, डॉक्टर गाठावा.

मधुमेह असलेल्यांनी तर सुई हातातच घेऊ नये. बऱ्याच जणांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते, फोड आला हे मोज्यावर डाग दिसल्यावर कळतं, आणि रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरायला फार वेळ लागतो. साखर आटोक्यात ठेवण्यासाठी चाळिशी-पन्नाशीत पळायला लागलेले लोक आज प्रत्येक गावच्या मैदानावर दिसतात. त्यांनी पळून आल्यावर तळवे आरशात पाहायची सवय लावून घ्यावी. रक्त भरलेला काळसर फोडही, मधुमेह असो वा नसो, टोचू नये.

आता फोड येऊच नये यासाठी. १९५५ साली नेलर या इंग्रज संशोधकानं कातडी आणि घर्षणावर प्रयोग केले. त्यात दिसलं की अगदी कोरडी कातडी घसरते, पूर्ण भिजलेलीही घसरते, पण अर्धवट ओलसर कातडी पकडून ठेवते. पळणाऱ्याचा पाय नेमका याच मधल्या अवस्थेत तासन्‌तास असतो, त्यातून मुंबईची हवा. गरम होतं म्हणून वाटेत डोक्यावर बाटल्या ओतून घेणारे बरेच असतात. ते पाणी पोटऱ्यांवरून ओघळत बुटात जातं आणि पुढचे पंधरा किलोमीटर तिथंच राहतं. पाणी ओतायचंच असेल तर पुढे वाकून ओतावं.

व्हॅसलिनचा जाड थर लावून पळायला निघणारे खूप आहेत. सुरुवातीला घर्षण खरंच कमी होतं. पण तासाभरात हा फायदा सरतो आणि नंतर घर्षण आधीपेक्षाही वाढतं, असं मोजमापात दिसलं आहे. म्हणजे पाच किलोमीटरला व्हॅसलिन चालेल, पूर्ण मॅरेथॉनला पुन्हा पुन्हा लावावं लागेल. पावडर घामात भिजली की तिच्या गोळ्या होतात आणि त्या खड्यासारख्या टोचतात. घामच थांबवायचा उपायही करून झाला आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वेस्ट पॉइंटच्या लष्करी छात्रांनी २१ किलोमीटरच्या चालीआधी काही रात्री तळव्यांना २० टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण लावलं. त्यांच्यात फोड २१ टक्क्यांना आले, औषधाविना नुसतं द्रावण लावणाऱ्यांत ४८ टक्क्यांना. पण औषधवाल्यांतल्या ५७ टक्क्यांच्या तळव्यांची आग झाली. एवढ्या फोडांच्या बदल्यात एवढी आग, मला काही हा सौदा पटत नाही.

मोज्यांचा वाद जुना आहे. १९९० साली लांब पळणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात सुती मोज्यांत ॲक्रिलिकपेक्षा दुप्पट फोड आले आणि ते आकारानं तिप्पट होते. तेव्हापासून सुती मोजा बदनाम झाला. त्याच संशोधकांनी १९९३ मध्ये साध्या विणीचे मोजे घेऊन पाहिलं तेव्हा मात्र फरक दिसला नाही. म्हणजे धाग्याइतकीच विणीलाही किंमत आहे. घाम बाहेर खेचणारा, पायाला घट्ट बसणारा, बोटांपाशी शिवण न टोचणारा मोजा हवा. शर्यतीच्या दिवशी कोरा मोजा घालू नये. बोटांना बोटं लागून फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे मिळतात. दिसतात विचित्र, पण उपयोगी पडतात.

स्वस्तातला सर्वांत भरवशाचा उपाय मात्र कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात असतो, मायक्रोपोर म्हणून ओळखली जाणारी कागदी चिकटपट्टी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५० किलोमीटरच्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींतल्या १२८ धावपटूंच्या पायाच्या काही भागावर ही पट्टी लावली आणि बाकीचा भाग तसाच ठेवला. पट्टीखाली फोड ४० टक्क्यांनी कमी आले. ती कोरड्या कातडीवर, सुरकुती न पडू देता, टोकं गोल कापून लावायची. टोकदार कोपरे मोज्यात अडकून उचकटतात.

फोड कुठे आला यावरून बुटाचं निदान करता येतं. टाचेच्या मागे असेल तर टाच ढिली आहे. बुटाला घोट्यापाशी एक जादा भोक असतं, बहुतेकांनी ते कधीच वापरलेलं नसतं. त्यातून लेसचा छोटा फास करून दुसऱ्या बाजूची लेस त्यातून ओढली की टाच जागेवर बसते. बोटांच्या टोकाला फोड किंवा नख काळं म्हणजे बूट आखूड. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, आणि बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना सगळ्यांचं लक्ष दमाकडे असतं. बोटांचं नुकसान होतं ते परतीच्या उतारावर, पाऊल बुटात पुढे पुढे सरकून. त्यातून पाऊस असला की मोजे ओले. अशा शर्यतीला उतार लागण्याआधी थांबून लेस आवळून घेणारा माणूस शहाणा.

मग बूटच कशाला, असं विचारणारे असतातच. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अबेबे बिकिला अनवाणी मॅरेथॉन जिंकला, नवे बूट पायाला बसत नव्हते म्हणून. त्याच्याही चाळीस वर्षं आधी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळून १९वे आले होते. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत दोराबजी टाटांनी जे धावपटू पाहिले ते अनवाणीच पळत. पण त्यांची पावलं लहानपणापासून तशी घडलेली होती. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारीतही हेच दिसतं. शेतात वावरलेले म्हातारे वारकरी ठणठणीत असतात आणि शहरातून पहिल्यांदा आलेली मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या मुक्कामाला सेवेकरी डॉक्टरांच्या तंबूत पाय पुढे करून बसलेली असतात. कातडी जाड होते, पण अंतर आठवड्यागणिक बेतानं वाढवलं तर. आणि घट्टा फार जाड होऊ देणंही बरं नाही, त्याच्याखाली आलेला फोड खोल असतो आणि सुईला दाद देत नाही. आंघोळीच्या वेळी वज्रीनं हलकेच घासत राहावं. शर्यतीच्या आदल्या रात्री मात्र वज्री हातात घेऊ नये.

शर्यतीत पळताना टाच हुळहुळायला लागली, एका जागी गरम लागायला लागलं, की ती फोडाची आगाऊ सूचना असते. फोड अजून आलेला नसतो. बहुतेक जण दोन मिनिटं वाचवण्यासाठी तसेच पुढे जातात आणि शेवटच्या दहा किलोमीटरला वीस मिनिटं घालवतात. वैद्यकीय मदतीच्या टेबलापाशी थांबावं, पाय कोरडा करावा, पट्टी लावून घ्यावी, मोजा ताणून बसवावा. शर्यत संपल्यावर मोजा फोडाला चिकटलेला असेल तर ओढून काढू नये. कोमट पाण्यात मोज्यासकट पाय बुडवून ठेवला की तो थोड्या वेळात अलगद सुटतो, आणि कातडंही जागच्या जागी राहतं.