मंचरची कोळीगीतं

‘गाणी लिहिणारी माणसं’ : लेखांक ७

शाळेच्या गॅदरिंगमध्ये ‘मी डोलकर’ लागलं की कमरेला रुमाल बांधलेली पोरं वल्ही मारायला लागतात. हे गाणं कुणाचं, असं पालकांना विचारून बघा. ‘कोळ्यांचंच की, पारंपरिक आहे,’ असंच उत्तर बहुधा येईल. प्रत्यक्षात शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची आणि लताबाईंच्या जोडीला आवाज हेमंतकुमारांचा, म्हणजे चक्क एका बंगाली गायकाचा. तिघाचौघांत कोळी कुणीच नाही!

शांताबाईंचा जन्म १२ ऑक्टोबर १९२२ चा, इंदापूरचा. घर मंचरचं. तिथून समुद्र गाठायचा तर सह्याद्री उतरावा लागतो. वडील वनखात्यात रेंजर. पुढचं शिक्षण पुण्यात, हुजूरपागेत आणि स. प. महाविद्यालयात. मग मराठी-संस्कृत घेऊन एम. ए., अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये काही वर्षं पत्रकारिता, नागपूरला आणि मुंबईला प्राध्यापकी. या सगळ्यात डोल कुठून आली? डोल म्हणजे बोंबील-जवळा धरायचं, पाण्यात रोवलेल्या खांबांना बांधून ठेवायचं पिशवीसारखं जाळं. डोल टाकतो तो डोलकर. गाण्यात हा शब्द येतो तो माहिती द्यायला येत नाही. धंद्यातला माणूस स्वतःबद्दल बोलताना जितक्या सहज तो वापरेल, तितक्याच सहज येतो. मला वाटतं, शांताबाईंची खरी ताकद इथे आहे. त्यांना स्वतःचं मन मोकळं करायला कविता होतीच. गाण्यात त्या दुसऱ्याच्या तोंडून बोलत.

‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) हा भालजी पेंढारकरांचा चित्रपट घ्या. संगीत ‘आनंदघन’, म्हणजे टोपणनावानं लताबाईच. त्यात ‘रेशमाच्या रेघांनी’ ही कशिद्याची साडी मिरवणारी ठसकेबाज बाई शांताबाईंची, आणि ‘शूर आम्ही सरदार’ म्हणणारा, मरणाला न भिणारा शिपाईगडीही त्यांचाच. पुढे ‘हे बंध रेशमाचे’ नाटकात अभिषेकीबुवांसाठी ‘काटा रुते कुणाला’, तर ‘अष्टविनायक’मध्ये (१९७९) वसंतराव देशपांड्यांच्या गळ्यातून लेकीला सासरी धाडणारा बाप. शांताबाईंनी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. तरी आज मांडवात तेच गाणं वाजतं आणि भलेभले बाप्ये डोळे पुसतात.

आता थोडं कारागिरीबद्दल, कारण कवी मंडळी या भागाला नाक मुरडतात. भावगीत-चित्रगीतात पुष्कळदा चाल आधी येते. संगीतकार पेटीवर मुखडा वाजवतो, काहीतरी डमी शब्द घालून गुणगुणतो आणि कवीकडे बघतो. कवीनं त्या साच्यात शब्द बसवायचे. नुसत्या मात्रा मोजून भागत नाही. स्वर जिथे लांबतो तिथे गुरू अक्षर हवं, आणि ओळ जिथे थांबते तिथे शक्यतो मोकळा स्वर. ‘वाट’ म्हटलं की ‘ट’पाशी श्वास आपटतो, ‘वाटे’ म्हटलं की गायिकेला ‘ए’वर हवं तितकं रेंगाळता येतं. हे सगळं सांभाळून अर्थ ओढूनताणून आणल्यासारखा वाटता कामा नये. शांताबाईंना चालीवर लिहिण्याचं वावडं नव्हतं. ओव्या, स्त्रीगीतं, संतांचे अभंग, संस्कृत वृत्तं हे सगळं पाठ असलेल्या माणसाच्या कानात साचे आधीच तयार असतात. संगीतकार फक्त त्यातला एक पुढे करतो.

पाठांतराची ही शिदोरी कशी कामी येते, ते ‘तोच चंद्रमा नभात’मध्ये दिसतं. गाण्याचं मूळ शीला भट्टारिकेच्या नावावर असलेल्या एका संस्कृत श्लोकात आहे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’मुळे तो अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतो. श्लोकात बोलते ती स्त्री. नवरा तोच, चैत्रातल्या रात्री त्याच, फुलांच्या वासाचा वारा तोच, मीही तीच. तरी मन धाव घेतं ते रेवेच्या काठी, जिथे आम्ही चोरून भेटलो तिथे. शांताबाईंनी सामान सगळं उचललं आणि दोन गोष्टी बदलल्या. बोलणारा पुरुष केला, सुधीर फडक्यांना गायचं होतं. आणि श्लोकातली ओढ काढून टाकली. संस्कृतातल्या त्या बाईला निदान जायला रेवेचा काठ आहे. मराठीतल्या पुरुषाला तोही नाही. चंद्र आहे, रात्र आहे, ती जवळ बसली आहे, आणि आतलं काहीतरी विझलं आहे. उसनं घेतलेलं गाणं म्हणून कुणी बोट दाखवलं तर दाखवू द्या. मला मूळ श्लोकापेक्षा हे जास्त बोचतं. फडक्यांनी ते इतकं शांतपणे गायलं आहे की रेडिओवर ऐकताना लोक त्याला प्रेमगीतच समजतात.

दुसऱ्याच्या आवाजात शिरायची हीच सवय त्यांच्या अनुवादांतही आहे. ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणलं. लुइसा मे अल्कॉटच्या कादंबरीची ‘चौघीजणी’ केली, आणि त्या बहिणी अमेरिकेतल्याच राहूनही आपल्या वाड्यात वाढल्यासारख्या बोलू लागल्या. आमच्या घरी त्या पुस्तकाची मागचा पुठ्ठा सुटून आलेली प्रत होती. तिघी मावशांनी आणि नंतर आम्ही ती वाचून खिळखिळी केली. गाण्यांची कवयित्री आणि ही अनुवादिका एकच, हे मला फार उशिरा कळलं.

१९९६ मध्ये आळंदीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. ६ जून २००२ रोजी त्या गेल्या. गॅदरिंगमधली पोरं अजून वल्ही मारताहेत.

(पुढील आठवड्यात : पी. सावळाराम)