सुईतलं इन्सुलिन येतं कुठून?

मागच्या बैठकीला दौलताबादच्या एक आजी आल्या होत्या. चुलीपुढचा निखारा पायाखाली आला तरी त्यांना कळलं नव्हतं. नातीने फोड दाखवला तेव्हा समजलं. साखर वाढलेली, डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सांगितलेली, पण दोन महिने घेतलीच नाही. "ते गुराडुकराचं असतं म्हणं," एवढंच कारण.

आजींचं अगदीच खोटं नव्हतं. १९२१ साली कॅनडात इन्सुलिनचा शोध लागला. पुढे साठेक वर्षं ते गाईच्या, डुकराच्या स्वादुपिंडातूनच काढत. आता माणसाचंच इन्सुलिन कारखान्यात बनतं.

इन्सुलिन हे आपल्या शरीरात तयार होणारं प्रथिन. ते कसं करायचं, ही कृती आपल्या पेशींत लिहिलेली असते. शास्त्रज्ञांनी तीच कृती यीस्टला दिली. यीस्ट म्हणजे पाव फुगवणाऱ्या खमिराच्या जातीचा बारीक जीव. मोठ्या टाक्यांत तो वाढतो आणि माणसाचं इन्सुलिन करून देतो. मग ते गाळून शुद्ध करतात. काही कंपन्या यीस्टऐवजी जिवाणू वापरतात. हे सगळं परदेशातच चालतं असंही नाही. २००३ साली वोखार्टने असं इन्सुलिन बाजारात आणलं, भारतीय कंपनीने केलेलं ते पहिलं. त्यांचा बायोटेक पार्क आपल्या वाळूजच्या एमआयडीसीत आहे.

आम्हाला नवल वाटलं ते पुढचं. मेंदूच्या पेशींचा अभ्यास करायला त्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जगवतात, आणि त्यांच्या खाद्यातही बहुधा इन्सुलिन घालतात!

आजींच्या पायाचं मात्र वेगळं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, मग पाय बधिर. गेलेली जाणीव सहसा पुरती परत येत नाही, पण साखर ताब्यात राहिली तर पुढचं नुकसान लांबतं. म्हणून रोज रात्री तळपाय बघायचे, स्वतःला दिसत नसतील तर नातवंडांना बघायला लावायचे.

आता बाटलीचं. नवी बाटली फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. फ्रीज नसेल तर पिशवीत घट्ट बांधून मातीच्या मडक्यात, आणि ते मडकं ओल्या वाळूत. चुलीजवळ, पत्र्याखाली नको. फोडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. किती घ्यायचं ते डॉक्टरच सांगणार, शेजारीण नाही.

आजींनी बाटली फोडल्याची तारीख नातीकडून तिच्यावर लिहून घेतली आहे.