कातडं कमावलं, पण पापडासारखं ताठ झालं? मग हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण शेळीचं कातडं केसांसकट, मीठ-तुरटीच्या पाण्यात कमवायला शिकलो. पेडगाव असो की परभणीजवळचं दुसरं कुठलं गाव, आपल्याकडे उस्मानाबादी शेळी भरपूर. तिच्या काळ्याभोर, चमकदार केसांचं आसन दिसायलाही छान. पण बहुतेक जण अडकतात ते पुढच्या पायरीवर. वाळल्यावर कातडं ताठ होतं.

माझंही झालं होतं. पहिलं कातडं मी मे महिन्यात भर उन्हात पत्र्यावर वाळत घातलं. संध्याकाळी उचललं तर पापडासारखं वाजत होतं. वाटलं, तेल चोपडलं की होईल मऊ. अर्धा लिटर एरंडेल संपलं. कातडं ताठच राहिलं, वर तेलकट झालं ते वेगळंच.

ताठ का होतं?

कातडं म्हणजे बारीक धाग्यांचं जाळं. पाणी उडून जाताना हे धागे एकमेकांना चिकटतात. त्या वेळी कातडं हलवलं, ताणलं तर धागे सुटे राहतात. नुसतं पडू दिलं तर चिकटून बसतात. हलगीवाल्याला नेमकं हेच हवं असतं. तो केस काढलेलं कच्चं कातडं ताणून वाळवतो, म्हणून ते कडक होतं आणि वाजतं. आपल्याला आसन करायचंय, हलगी नाही.

म्हणजे मऊपणा तेलाच्या बाटलीत नसतो, वाळण्याच्या त्या काही तासांत आपल्या हातात असतो. तेल फक्त मदत करतं.

आधी तपासा

आतल्या बाजूने बघा. कातडं पिवळसर आणि उजेडात आरपार दिसल्यासारखं असेल, तर तुरटी आत शिरलेलीच नाही. ते पुन्हा मीठ-तुरटीच्या पाण्यात टाका. पांढरं आणि अपारदर्शक असेल, तर कमावणं झालंय, फक्त हात फिरवायचा राहिलाय. मानेजवळचा जाड भाग वेगळा तपासा, तुरटी तिथे सगळ्यात उशिरा पोचते. आत चरबी किंवा पातळ पापुद्रा राहिला असेल तर आधी खरवडून काढा. त्याच्यातून ना तुरटी जाते, ना तेल.

मऊ कसं करायचं?

१. फडकं मीठ-तुरटीच्या पाण्यात पिळून फक्त आतल्या बाजूने फिरवा. साध्या पाण्यात कातडं बुडवू नका. तुरटी धुऊन जाते आणि कातडं पुन्हा कच्चं होतं. केस कोरडेच ठेवा.

२. आतली बाजू आत घेऊन गुंडाळी करा आणि प्लास्टिकच्या पिशवीत, सावलीत काही तास ठेवा. उन्हाळ्यात अधूनमधून उघडून बघा. ओल आणि उष्णता एकत्र आली की कातडं कुजू लागतं, केस सुटतात.

३. कातडं लवचिक झालं की अंड्याचा पिवळा बलक, दोन चमचे एरंडेल आणि थोडं कोमट पाणी घोटून आतून पातळ हात द्या. पाणी गरम नको, बलक शिजेल. घरातलं करडईचं किंवा जवसाचं तेल वापरू नका. ते वाळलं की चिकट पडतं.

४. आता खरं काम. सावलीत बसा. खुर्चीची पाठ किंवा गोल कडेची फळी घ्या आणि आतली बाजू त्यावर पुढे-मागे ओढा. आधी लांबीत, मग रुंदीत, मग तिरकं. जिथे ताण बसतो तिथे कातडं पांढरं पडत जातं. ही चांगली खूण आहे.

५. थोडा वेळ थांबा, पुन्हा ओढा. पूर्ण वाळेपर्यंत हेच करायचं. वाळलं की नाही हे गालाला लावून कळतं. गार लागलं तर आत ओल आहे.

६. शेवटी आतून सँडपेपर फिरवा. केसांना लाकडाचा भुसा चोळून झटका, तेलकटपणा निघून जातो.

एकदा करून एखादा भाग ताठ राहिला तर घाबरू नका. तेवढाच भाग ओला करून पुन्हा ओढा. दोन-तीन वेळा करावं लागणं नेहमीचंच आहे.

हिशोब विसरू नका

समजा कातडं, मीठ, तुरटी, तेल मिळून १५० रुपये लागले. तुमचे ६ तास गेले, ताशी ६० रुपये धरले तर ३६०. एकूण ५१०. हौसेनं ४०० ला विकलं, तर ११० रुपये तुमच्या खिशातून गेले. आपल्या हाताची मजुरी जो धरत नाही, त्याचा धंदा टिकत नाही.

काही गोष्टी ठाम

शेळी-मेंढीचंच कातडं घ्या, तेही मटणाच्या दुकानातून आणि शक्यतो पावतीसह. आजाराने मेलेल्या जनावराचं कातडं फुकट मिळालं तरी नको. त्यातून काळपुळीसारखा जीवघेणा रोग होऊ शकतो. ससा, हरीण अशा वन्यप्राण्यांचं कातडं बाळगणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गाय-बैलाच्या कत्तलीवर राज्यात बंदी आहे, त्या वाटेला जाऊ नका.

आणि गिऱ्हाईकाला खरं सांगा: "हे आसन धुवायचं नाही, पाणी सांडलं तर लगेच टिपून घ्या." आधी सांगितलं तर ती सूचना असते, तक्रार आल्यावर सांगितलं तर ती सबब वाटते.

शेवटचं. आपल्या भागात बाभूळ, तरवड, हिरडा वापरून कातडं कमावणाऱ्या ढोर समाजातल्या जुन्या कारागिरांनी हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. समाजाने त्यांचा माल वापरला, पण त्यांना मान दिला नाही. तुमच्या गावात असे कुणी आजोबा असतील तर त्यांच्याकडे जा, शिका, आणि शिकवण्याचे पैसे द्या. त्यांचा हात एका दुपारी जे दाखवेल, ते माझ्या दहा व्हिडिओंत मावणार नाही.

पहिली दोन कातडी विकू नका, घरात वापरा. महिनाभर बसल्यावरही आसन मऊ राहिलं, तर तिसऱ्याची किंमत ठरवा.