गोणीवर एक, गोणीत दुसरेच!

नाशिक, मालेगाव, सिन्नर या भागात आपले अनेक बांधव म्हशींचे तबेले, कोंबड्यांच्या शेड आणि बकऱ्यांची खरेदी-विक्री यांवर पोट भरतात. काहींची ढेप-पेंडीची दुकाने आहेत. या धंद्यांत मोठा खर्च खुराकाचा. गोणीवर ‘प्रथिने 20 टक्के’ छापलेले असते. आत तेवढे नसेल तर दूध घटते, बोकडाचे वजन भरत नाही आणि दोष जनावराच्या, नाहीतर दुकानदाराच्या माथी येतो. कंपनी नामानिराळी!

ही फसवणूक डोळ्यांना दिसत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. 2052 या मानकाने मिश्र पशुखाद्याच्या पहिल्या प्रकाराला किमान 22, तर दुसऱ्याला किमान 20 टक्के प्रथिने घालून दिली. पण प्रयोगशाळेत सहसा प्रथिने थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे 100 किलो खुराकात 1 किलो युरिया मिसळला की कागदावर सुमारे 2.9 किलो प्रथिने वाढलेली दिसतात! रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला मोजका युरिया चालतो. कोंबडीला किंवा लहान करडाला त्याचा उपयोग नाही, आणि जास्त झाला तर तो विष ठरतो. म्हणून प्रथिनांबरोबर युरियाचीही तपासणी मागावी.

मग कंपनीवर खटला का होत नाही? बियाण्यांसाठी 1966 चा कायदा आहे, खतांसाठी 1985 चा नियंत्रण आदेश आहे. पशुखाद्याला असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. पूर्वी चारा-पेंड जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत होती. 2006 च्या दुरुस्तीने ती वगळली गेली. 2020 च्या जानेवारीत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुभत्या व मांसाच्या जनावरांसाठी मानकाप्रमाणेच खाद्य हवे असा आदेश काढला, पण त्याची अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली गेली.

तरीही हात बांधलेले नाहीत. वजन कमी भरले तर वैधमापन खात्याकडे जाता येते. आय.एस.आय. चिन्ह खोटे असेल तर मानक ब्युरोकडे तक्रार करावी. जाणूनबुजून फसवले असेल तर पोलिसांत फसवणुकीचा गुन्हा नोंदवता येतो. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी माल घेणारा छोटा धंदेवाला 2019 च्या कायद्यातही ग्राहकच आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

2012 मध्ये बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्ध निकाल दिला. शेतकरी सगळे बियाणे पेरून टाकतो, त्याने नमुना जपून ठेवावा ही अपेक्षा योग्य नाही, असे न्यायालयाने मानले. तरी आमचा सल्ला असा की, शंका येताच दोन साक्षीदारांसमोर दोन-तीन किलो खुराक बंद करून ठेवावा आणि लेबल, बॅच नंबर व पक्के बिल जपावे. बिल नाही तर दावा नाही!

परदेशात काय घडले? 2007 मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये प्रथिने जास्त दिसावीत म्हणून मेलामाइन मिसळले होते. त्यापासून बनलेल्या खाद्याने अमेरिकेत कुत्री-मांजरे दगावली. 2009 मध्ये आयात करणाऱ्या केमन्यूट्रा कंपनीने भेसळ व खोट्या लेबलचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. युक्ती तीच, नायट्रोजनची.

दुकानदार बांधवांनाही एक गोष्ट सांगायची आहे. गोणी फोडून आपल्या पोत्यात भरली, किंवा ‘माझी गॅरंटी’ म्हणून तोंडी हमी दिली, तर कंपनीचे पाप आपल्या गळ्यात पडू शकते. बनवणाऱ्याचे नाव-पत्ता नसलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. कंपनीच्या गोणीत हात घालण्याचा हक्क आपल्याला आहे. पण आपल्या दुकानातली रासही तितकीच कोरडी हवी.