इकडे पौर्णिमा, तिकडेही पौर्णिमाच

कोजागरी जवळ आली की आचऱ्यात कुणी ना कुणी म्हणतंच, 'हय पुनव, म्हणजे थय अमेरिकेत आवस!' म्हणणारा चांगला शिकलेला असतो, मुलगा कॅलिफोर्नियात असतो. इथे रात्र तेव्हा तिथे दिवस, मग चंद्राचंही उलटंच असणार, हा त्याचा हिशेब.

नाही हो! दिवस-रात्र होतात पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. चंद्राच्या कलांचा त्याच्याशी संबंध नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरत सूर्याच्या बरोबर समोर, 180 अंशांवर आला की तो पूर्ण होतो. तो क्षण साऱ्या पृथ्वीला एकच; बदलतात ती घड्याळं. 2025 ची कोजागरी 6 ऑक्टोबरला झाली. पंचांगात पौर्णिमेची समाप्ती, म्हणजेच पूर्णचंद्राचा क्षण, 7 तारखेच्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास होती. तेव्हा आचऱ्यातला चंद्र कधीच मावळला होता. कॅलिफोर्नियात मात्र 6 तारखेच्या रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. ज्यांच्या वाट्याला आपण 'आवस' दिली, त्यांच्याच आकाशात त्या क्षणी पूर्णचंद्र होता! पौर्णिमेपासून अमावस्येला पोचायला चंद्राला पंधरवडा लागतो. देश बदलून ते साधत नाही.

जागेनुसार फरक पडतो तो चंद्राच्या उंचीत आणि कलण्यात. आचरा साधारण 16 अंश उत्तरेला, म्हणून मार्गशीर्षातला पूर्णचंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो. जूनमधला लंडनचा पूर्णचंद्र क्षितिजापासून फार वर चढत नाही. सिडनीत तो उत्तरेला दिसतो आणि त्यातला ससा खाली डोकं वर पाय! बाजू तीच असते, बघणारा आपल्या तुलनेत उलटा उभा असतो.

आता बाकीचे गैरसमज.

संध्याकाळी आचऱ्याच्या समुद्रातून उगवणारा पूर्णचंद्र: असा फोटो पुढे पाठवू नका. आपला समुद्र पश्चिमेला आहे. तिथे चंद्र पहाटे मावळतो.

उधाण फक्त पुनवेला: अमावस्येलाही येतं. रापणकरांना विचारा.

उगवताना चंद्र मोठा असतो: नजरेचा भास. फोटो काढून मोजा.

चंद्राची पलीकडची बाजू कायम अंधारी: आपल्या अमावस्येला तिथे लख्ख ऊन असतं.

तरीही शंका असेल तर पंचांगातली कोजागरीची समाप्तीची वेळ घ्या, ऑक्टोबरात तिच्यातून साडेबारा तास वजा करा. कॅलिफोर्नियाची वेळ मिळेल. मग मुलाला खुशाल फोन लावा.