पाहुणें रोप आणि शेजारचें घुबड

यवतमाळ जिल्ह्याची हवा परदेशी नाजूक रोपांस मानवणारी नाहीं. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पौषांतील पहांटे तो १० अंशांपर्यंत उतरतो, आणि येथील काळी माती पावसाळ्यांत पाणी धरून बसते. अशा मुलुखांत कोलंबियाकडील अँथुरियम किंवा टांझानियाच्या डोंगरांतलें आफ्रिकन व्हायोलेट घरीं वाढवावयाचें तर त्या दूर देशींची हवाच खिडकीपाशीं निर्माण करावी लागते. उलटपक्षीं, त्याच घराच्या वळचणीस येऊं पाहणाऱ्या घुबडाला ही हवा जन्मजात मानवलेली असते; त्याला हवी असते ती जागा. रोपाला आंत घ्यावें आणि घुबडाला बाहेरच ठेवून आसरा द्यावा, हा भेद ज्यानें जाणला त्याच्या घरीं दोन्हीं सुखानें नांदतात.

प्रथम रोपांचा विचार. उन्हाळ्यांतील कोरडा वारा पानांतील पाणी इतक्या वेगानें शोषून घेतो कीं मुळांना तेवढें पुरवितां येत नाहीं. माती ओली असूनही पानांच्या कडा करपतात. अशा वेळीं पुष्कळ जण आणखी पाणी घालतात आणि मुळें कुजवितात. खरा उपाय हवेंत ओल आणण्याचा. पसरट ताटांत खडे व थोडें पाणी घालून कुंडी खड्यांवर ठेवावी. तिचा तळ पाण्याला लागूं देऊं नये. वाळ्याचा पडदा किंवा कूलर असलेली खोली यासाठीं उत्तम, मात्र वाऱ्याचा झोत थेट पानांवर नसावा. पूर्वेची खिडकी चांगली, पश्चिमेची वर्ज्य. अँथुरियमला काळी माती मुळींच घालूं नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा आणि कुजलेला पाला यांचें भुसभुशीत मिश्रण करावें. व्हायोलेटच्या लवदार पानांवर गार पाणी पडल्यास डाग उमटतात. म्हणून खोलींत रात्रभर ठेवलेलें पाणी बुडाशीं घालावें.

घुबडाची गोष्ट निराळी. गव्हाणी घुबड घरटें बांधीत नाहीं. जुन्या वाड्यांचे माळे, भिंतींतील भगदाडें, झाडांच्या ढोल्या यांतच तें अंडीं घालतें. वाडे पडून स्लॅबचीं घरें झालीं, जुनीं झाडें तुटलीं, आणि त्याची जागा गेली. ती उणीव लाकडी पेटीनें भरून काढतां येते. तळ सुमारें ४० सेंटिमीटर रुंद व ६० लांब, उंची ६५, आणि तळापासून ४५ सेंटिमीटरांवर १३ सेंटिमीटरांचें चौकोनी दार असावें, म्हणजे पिलें बाहेर पडत नाहींत. पेटी जमिनीपासून निदान ३ मीटर उंच, उत्तरेस किंवा पूर्वेस, सावलींत बांधावी. पत्र्याखालीं ती भट्टीसारखी तापते. वायुवीजनासाठीं भोंकें ठेवावींत आणि पिलें असतां डोकावूं नये. पेटीखालीं उंदरांचीं हाडें व केस यांच्या करड्या गोळ्या दिसूं लागल्या कीं बिऱ्हाड आलें असें समजावें.

पहांटे येणारा पिंगळा जोशी शुभ मानणारा समाज घुबडाला मात्र अशुभ म्हणतो, आणि दिवाळीच्या सुमारास अघोरी पूजेसाठीं त्याचा बळीही दिला जातो. घुबड पकडणें, पाळणें वा विकणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. जखमी पक्षी सांपडल्यास तो वनखात्याच्या स्वाधीन करावा. घरांत किंवा शेतांत उंदरांना विष घालणाऱ्यानें तर विशेष सावध असावें. रक्त गोठूं न देणारें विष खाल्लेला उंदीर कांहीं दिवस हिंडतो. तो गिळणाऱ्या घुबडाच्या अंगांत तेंच विष सांठत जातें. ज्याच्या घरीं पेटी आहे त्यानें उंदरांसाठीं पिंजरा लावावा.

सर्वच घुबडांना पेटी पुरत नाहीं. सागाच्या जंगलांत राहणारा रानपिंगळा १८८४ नंतर कोणास आढळला नव्हता. १९९७ च्या नोव्हेंबरांत खानदेशांत शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. त्याला जुन्या झाडांचें रान लागतें, आणि तें कोणत्याही सुताराला घडवितां येत नाहीं. करपलेल्या व्हायोलेटच्या जागीं बाजारांतून दुसरें आणतां येतें. ढोलीचें झाड तुटलें तर दुसऱ्या झाडांत तशी ढोली होण्यास कित्येक वर्षें जावीं लागतात. अंगणांतील जुना कडुनिंब तोडण्यापूर्वीं त्यांत कोण राहतें तें एकदां संध्याकाळीं उभें राहून पाहावें.