लोकलचं वेळापत्रक आणि परदेशातला वर्ग

डोंबिवली स्टेशनवर उतरलं की पहिला प्रश्न, ईस्ट की वेस्ट? या ‘वेस्ट’मध्ये इंग्रजीचे दोन शब्द दडलेत. एक पश्चिम दिशा, दुसरा बनियन. मराठीत दोघांना ‘व’ एकच. इंग्रजीत दिशेसाठी ओठांचा चंबू होतो आणि बनियनसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात भरणाऱ्या भाषावर्गांत शिकवायला जायचं असेल, तर आरशासमोर उभं राहून इथूनच सुरुवात करावी. साहेबासारखं बोलण्याची गरज नाही, पण विद्यार्थ्याला फरक दाखवता आलाच पाहिजे.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. पण अडलं की मराठीत सांगायची सोय कायम राहिली. परदेशातल्या वर्गात मात्र एका बाकावर इटलीचा मुलगा आणि शेजारी जपानची मुलगी असते. भूतकाळ समजवायचा तर फळ्यावर आडवी रेघ ओढायची, मधोमध ‘आज’ची खूण करायची आणि घडून गेलेल्या गोष्टीची फुली तिच्या डावीकडे मारायची. भाषांतराविना शिकवायची ही सवय रोज हात बसवल्याशिवाय लागत नाही.

यातला एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झाला, याचा मला फार अभिमान वाटतो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत मुलांना नियम घोकायला न लावता नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकं सोडवायला दिली. जगभरचे इंग्रजीचे शिक्षक हा ‘बंगळूर प्रकल्प’ आजही अभ्यासतात. आपल्याकडे तर वेळापत्रकाला तोटा नाही. सोसायटीतली चार मुलं जमवा आणि इंग्रजीत विचारा, दहाला दादरला पोचायचं तर कल्याणहून कुठली गाडी? फास्ट चुकली तर? उत्तर शोधता शोधता ‘इफ’ मुलांच्या तोंडी आपसूक येतो.

मग प्रमाणपत्र. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या कोर्समध्ये निदान १२० तासांचं शिक्षण असतं आणि त्यातले सहा तास परीक्षकांसमोर खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं. पदवी परदेशात ग्राह्य धरण्यासाठी तिच्यावर अपोस्टिलचा शिक्का मागितला, तर आधी राज्य सरकारचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालय. पोलिसांच्या दाखल्यासाठी ठाणेकरांना वागळे इस्टेटचं पासपोर्ट केंद्र जवळ आहे.

व्हिसाचं मात्र आधी बघा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही. १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना आहे, पण जागा वर्षाला ३,००० आणि निवड सोडतीने. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकाचा नेहमीचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. हा मला अन्याय वाटतो, पण नियम तसा आहे. म्हणून कोर्सची फी भरण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन नियम स्वतः वाचा, एजंटच्या शब्दावर विसंबू नका.